घर पाहावं बांधून, कुत्रं पाहावं पाळून

'लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून' असं आपली जुनी माणसं सांगायची. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, कारण घर बांधायला काढलेलं असताना त्या काळी कुणी कुत्र्याचं पिल्लू घरात आणत नसावं. आम्ही आणलं. म्हणजे ह्यांनी आणलं.

मागच्या मार्गशीर्षात हे मित्रांबरोबर माळेगावच्या यात्रेला गेले होते. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा, आपल्या भागातल्या बायकांना तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. घोडे, गाढवं, बैल, कोंबडे, कुत्री, सगळ्यांचा बाजार नि सगळ्यांची प्रदर्शनं. मी ह्यांना सांगितलं होतं, येताना भंडारा आणा आणि एक चांगलं घोंगडं आणा. रात्री दहाला हे आले, तर घोंगडं खांद्यावर होतं आणि घोंगड्याच्या घडीत काहीतरी हलत होतं. लांबोडकं तोंड, काड्यांसारखे पाय, पाठीला चिकटलेलं पोट. मी म्हटलं, "अहो, हे उपाशी आहे का आजारी?" तर हे म्हणाले, "पश्मी आहे. पश्मी असंच असतं."

आमच्या लातूर जिल्ह्याचा हा मान बऱ्याच जणींना ठाऊक नसेल. कारवानी आणि पश्मी ही आपल्याच मातीतली कुत्री. आखूड केसांचं ते कारवानी, कानाशेपटीला रेशमासारखे केस असले की पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर ती इकडे आली म्हणून कारवानी, असं सांगतात. वासापेक्षा नजरेनं शिकार हेरायची आणि वाऱ्यासारखं धावायचं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. कर्नाटकातलं मुधोळ हे यांचंच सख्खं भावंड. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळचंही होतं. ही माहिती मला ह्यांनी त्याच रात्री दिली, मी रागावू नये म्हणून. धावायला माळरान लागणारं जनावर हे आमच्या दोन खोल्यांत आणून सोडत होते, ते मात्र सांगायचं राहिलं.

दोन खोल्या कशा, ते सांगते. आमचं घर जुन्या लातुरातलं, माळवदाचं. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडं-फळ्या आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गारेगार, म्हणून पाहुणे कौतुक करायचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अशाच घरांनी माणसं घेतली. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून गाढ झोपलेले. चारच्या सुमाराला जड भिंती आणि त्यांच्यावरची माती एकदमच अंगावर आली. मी तेव्हा आठवीत होते. सासूबाई याच घरात होत्या. हे घर राहिलं, नुसते तडे गेले. पण त्यांचं माहेर औसा तालुक्यातलं, ते बसलं. माणसं वाचली, गोठ्यातली जनावरं गेली. तेव्हापासून सासूबाई छताखाली झोपल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. थंडीतसुद्धा ओसरीवर. घर पाडून स्लॅबचं करायचं, हे तेव्हापासून दर दिवाळीला ठरायचं आणि दर शाळा उघडताना पैशाअभावी राहून जायचं. मग मुलीचं शिक्षण आलं. ती गेल्या वर्षी पुण्याला गेली. मुलगा अकरावीत. लातूर पॅटर्नच्या गावात अकरावी म्हणजे निम्मी बारावीच असते. तरी यंदा पावसाळ्याआधी घर झालंच पाहिजे म्हणून संक्रांतीनंतर काम काढलं. मागची बाजू आधी पाडायची, तोवर पुढच्या दोन खोल्यांत सगळ्यांनी राहायचं असा बेत. त्या दोन खोल्यांत चार माणसं, खोक्यांत भरलेला संसार, अकरावीची पुस्तकं आणि खंड्या.

नाव सासूबाईंनी ठेवलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "माणसांना बसायला जागा न्हाई अन्‌ कुत्रं कुठं आणलाव?" पण माळेगावचं म्हटल्यावर गप्प बसल्या. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, म्हणून खंड्या. नाव ठेवलं म्हणून लाड सुरू झाले असं समजू नका. स्वयंपाकाच्या खोलीत त्यानं पाय ठेवला की "हाड!" हे ठरलेलं.

पाडकामाच्या दिवशी मात्र वेगळंच झालं. मागची भिंत मशिनीनं ढकलली. धप्पदिशी आवाज, जमीन हादरली, धुळीचा लोट. खंड्या खोक्यांमागं जाऊन थरथरायला लागला. मी सासूबाईंना पाहायला ओसरीवर गेले, तर त्याही भिंतीला टेकून थरथरत होत्या. डोळे मिटलेले, तोंडानं नामस्मरण. तेवढ्यात खंड्या कुठूनसा आला आणि त्यांच्या लुगड्यात तोंड खुपसून बसला. त्यांनी त्याला हाड म्हटलं नाही. भिंत संपेपर्यंत दोघं तशीच बसून होती. त्या दिवसापासून त्यांच्या ताटातली भाकरीची शेवटची चतकोर कुणाला जाते ते मी बघितलं न बघितल्यासारखं करते.

फेब्रुवारीपासून त्याचे दात पडायला लागले. कुत्र्याच्या पिलाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, चौथ्या महिन्यापासून ते पडतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बेचाळीस येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते चावावंसं वाटतं. हे मी नंतर शिकले. आधी शिकले ती किंमत. माझ्या दोन चपला, डाव्या पायाच्याच. मुलाच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं गुरुत्वाकर्षण. सासूबाईंचा मिश्रीचा बटवा, तो पळवून त्यानं इतकं शिंकलं की दोन दिवस बटव्याकडं पाहिलं नाही. गवंड्याची लाईनदोरी. कामावरच्या बायांच्या फडक्यातल्या भाकरी, एकदा नव्हे तीनदा. मग मी रोज चार भाकरी जास्त थापायला लागले, कारण कुत्र्यानं नेली म्हणून उन्हात घमेली उचलणाऱ्या बाईला उपाशी कसं ठेवायचं? ओल्या कोब्यावरून तो एकदा असा सुसाट गेला की सबंध खोलीभर त्याच्या पंजांची रांगोळी उठली. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

पण सगळ्यात महागात पडली ती पाण्याची नळी. आमच्याकडं नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. आम्ही घागरी घेऊन पाहिलं. तेव्हापासून या गावातली बाई पाणी वाया घालवताना कुणी दाखवावी! त्यातून बांधकाम. रोज विटा भिजवायच्या, भिंतींना पाणी मारायचं. त्या दिवशी पहाटे नळ आला, मी नळी हौदात सोडली आणि चहा ठेवायला आत गेले. खंड्यानं नळी मधोमध चावून तोडली. अर्धा तास पाणी गल्लीतून वाहत होतं आणि हा त्यात लोळत होता. सासूबाई त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाही.

एवढं सगळं मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत रंगवून सांगायची आणि बाया पोट धरून हसायच्या. पुढचं मात्र मी त्यांना लगेच सांगितलं नाही.

धुळवड होऊन चार-पाच दिवस झाले होते. कामावर एक तरुण बाई यायची, तिच्याबरोबर चार वर्षांची पोरगी. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून पोर दिवसभर वाळूच्या ढिगावर. खंड्याची आणि तिची गट्टी जमली होती. त्या दुपारी तिच्या फ्रॉकची झालर त्यानं तोंडात धरली, ती ओढायला लागली, तो ओढायला लागला, आणि खेळता खेळता त्याचे दात तिच्या पोटरीला लागले. दोन ओरखडे. त्यातल्या एकातून रक्ताचा थेंब आला.

मी धावत गेले आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "अगं, पिल्लू आहे ते. काही होत नाही."

तिची आईही तेच म्हणाली, "काय न्हाई वैनी, खरचटलंय नुसतं. हळद लावते." मिस्त्री म्हणाला, चुना लावा. कुणी म्हणालं, मिरची. आणि मला एकदम आठवलं की मागच्याच वर्षी आमच्या गटात नर्सबाईंना बोलावून कुत्रं चावल्यावर काय करायचं हे सांगायचा कार्यक्रम मीच ठेवला होता. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, जखम बांधायची नाही, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. फळ्यावर ते मीच लिहिलं होतं.

आणखी एक आठवलं, त्यानं पोटात गोळा आला. खंड्याचं कार्ड. डिसेंबरात त्याला पहिली लस दिली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची द्यायची, जानेवारीच्या शेवटी आणा. जानेवारीच्या शेवटी आमची भिंत पडत होती. कार्ड कुठल्या तरी खोक्यात गेलं आणि तारीख माझ्या डोक्यातून गेली. मधल्या दोन महिन्यांत तो किती वेळा गल्लीत पळाला, कुठल्या कुत्र्यांशी भांडला, देव जाणे.

नळ येऊन पाच दिवस झालेले. हौदात तळाला पाणी, एक ड्रम भरलेला. मी पोरीला पायरीवर बसवलं, आईनं तिला धरलं. मी साबण लावत होते, पाणी ओतत होते. पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो, हे तांब्यानं पाणी ओतल्याशिवाय कळत नाही. दहा तांबे, वीस तांबे. मला सारखं वाटत होतं, बास झालं असेल. मागं सासूबाई उभ्या होत्या. अंघोळीला कुणी दोन तांबे जास्त घेतले की आतून आवाज देणारी ही बाई. ड्रमचं झाकण त्यांनीच काढलं आणि कळशी भरून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "वत तू. मी घड्याळ बघते."

रिक्षा करून आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो. रक्त आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी जखमेत सीरम दिलं आणि लसीचं पहिलं इंजेक्शन. पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सगळं मोफत. ते शांतपणे म्हणाले, पिल्लू आहे म्हणून धोका नाही असं नसतं. लस न दिलेलं पिल्लू आणि लस न दिलेलं मोठं कुत्रं यात फरक करू नका. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून नसांवाटे मेंदूकडं जातो. एकदा लक्षणं दिसली की मग जवळजवळ काहीच हातात राहत नाही. लक्षणं दिसायच्या आधी सगळं हातात असतं. जगात रेबीजनं जी माणसं जातात त्यांतली दहात चार पंधरा वर्षांखालची लेकरं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. का, ते माझ्या पुढ्यातच होतं. लेकरं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीची असतात, आणि मार बसेल म्हणून घरी सांगत नाहीत.

"कुत्रं दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा," असंही सांगितलं. जे कुत्रं चावलं तेव्हा त्याच्या लाळेतून रोग देत होतं, ते दहा दिवसांत आजारी पडतं किंवा मरतं. दहाव्या दिवशी धडधाकट असलं तर चाव्याच्या वेळी त्याच्यापासून धोका नव्हता असं समजतात. अर्थात त्या भरवशावर इंजेक्शनं सुरू करायची थांबायचं नसतं.

पळण्यासाठी जन्मलेलं जनावर ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधलं. पहिले दोन दिवस त्यानं रडून गल्ली जागवली. तिसऱ्या दिवशी दुसरं इंजेक्शन झालं. सहाव्या दिवशी सकाळी मी त्याच्यापुढं दूधभाकरी ठेवली, तर त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. जवळ गेले, तर जबड्यातून लाळेची तार लोंबत होती.

मैत्रिणींनो, त्या क्षणी माझ्या पायातलं बळ गेलं. हे कामावर गेलेले, मुलगा क्लासला. मी सासूबाईंना सांगितलं, आई, जवळ जाऊ नका. त्या ओसरीवरून उठल्या, खोलीत गेल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आतून कडी लावून घेतली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते येईपर्यंतचा तास मी त्या पोरीकडंच पाहत होते. ती वाळूत खोपा करत होती.

डॉक्टर आले, हातमोजे घातले, लांबून बराच वेळ न्याहाळलं, पाणी पुढं ठेवून पाहिलं. खंड्या पाणी प्याला. मग ह्यांना बोलावून घेऊन, तोंड नीट धरून आत पाहिलं. वरचा दुधाचा सुळा पडलाच नव्हता आणि त्याच्याच शेजारून नवा सुळा बाहेर येत होता. हिरडी सुजून लाल झालेली. लाळ त्याची होती, जेवण त्यानंच सोडलं होतं. "तरीही दहा दिवस पूर्ण करा," डॉक्टर म्हणाले, "आणि सुळा नंतर काढू." मी मान डोलावली. रडू आलं ते डॉक्टर गेल्यावर.

सातव्या दिवशी ती बाई कामावर आलीच नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "मीच नको म्हणलं वैनी. दवाखाना, सुया, लेकरू. उगी तुमच्या डोक्याला ताप नको. दुसरी बाई लावलीय." म्हणजे चावलं आमच्या कुत्र्यानं आणि रोजगार गेला तिचा! आणि हे माझ्या सोयीसाठी केलं होतं. मी वीस वर्षं बायकांच्या मजुरीच्या गोष्टी करते आणि माझ्याच दारात हे झालेलं मला दुपारपर्यंत कळलं नव्हतं. मिस्त्रीला जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहित नाही.

रिंग रोडच्या पलीकडं तिची झोपडी शोधत गेले तेव्हा दिवे लागले होते. ती चुलीपुढं होती. तिला वाटलं होतं, मीच काढायला सांगितलं. तसं तोंडावर म्हणालीसुद्धा, "मला वाटलं वैनीला भ्या वाटायलंय, आम्ही काय मागून-बिगून घेतो का म्हणून." याला मी काय उत्तर देणार? म्हटलं, आधी इंजेक्शनला चल. ती म्हणाली, रोज बुडवून रोज दवाखाना मला परवडत न्हाई. दवाखान्याच्या प्रत्येक दिवसाची मजुरी मी देईन आणि उद्यापासून ती कामावर येईल, असं सांगितलं, तेव्हा ती उठली. हा उपकार नव्हता, तिचंच देणं होतं, हे मी तिला म्हटलं का? म्हटलं. पटलं का, ते ठाऊक नाही. बाह्यरुग्ण विभाग बंद झाला होता, पण तातडीच्या विभागात तिसरं इंजेक्शन मिळालं. परत येताना पोरगी रिक्षात झोपली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि केसांत वाळू.

दहावा दिवस गेला. खंड्या हिरडीचं दुखणं विसरून साखळी चावत होता. अकराव्या दिवशी त्याला रेबीजची लस दिली, पुढं सुळाही काढला. चौथ्या इंजेक्शनच्या दिवशी पोरगी आईचा हात सोडून स्वतःच आत गेली. दवाखान्यातल्या बाईंना म्हणाली, "खंड्याला बी सुई दिली. त्यो रडला. मी न्हाई."

आता घरात काय बदललं म्हणाल, तर खंड्याला चावायला जुन्या सुती साडीची घट्ट गाठ मारून, ओली करून, फ्रीजमध्ये गार करून देते. डॉक्टरांनी सांगितलं, त्यानं हिरडीला बरं वाटतं. गाजरही आवडीनं खातो. कांदा, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला घालायचं नाही, हे पाहुण्यांना दारातच सांगावं लागतं. संध्याकाळी मुलगा त्याला मोकळ्या मैदानावर तासभर पळवून आणतो. त्यानं खंड्याचं चावणं निम्मं कमी झालं आणि, ह्यांच्या मते, मुलाचे टेस्टचे मार्क वाढले. गटाच्या बैठकीत सगळी हकीकत सांगितली. 'पिल्लू आहे, काही होत नाही' हे माझं वाक्यसुद्धा. या वेळी कुणी हसलं नाही. दोघी-तिघींनी मात्र घरी पाळलेल्या कुत्र्याला शेवटची लस कधी दिली, ते आठवून पाहिलं. आठवेना. पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतली सात कुत्री एका रांगेत जनावरांच्या दवाखान्यात गेली. रस्त्यात जी भांडणं झाली, तो एक वेगळाच लेख होईल.

स्लॅब पडलाय. सासूबाईंची खोली तयार आहे, पण त्या अजून ओसरीवरच झोपतात. खंड्या त्यांच्या पायथ्याशी. खोलीतल्या कोब्यावरचे पंजे फरशीखाली जाणार होते, पण फरशीचे पैसे सध्या संपलेत, त्यामुळं ते आहेत तिथंच आहेत. लसीचं कार्ड आता खोक्यात नाही, पुढच्या वर्षीच्या तारखेला लाल गोल करून फ्रीजच्या दारावर चिकटवलंय. खाली चिकटवलं होतं, आता वर चिकटवलंय. त्याचा एक कोपरा नाही.